घोडे किती, की ओढ किती?

१/ जुन्या जीपचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की त्याखाली दोन प्रकारच्या प्रतिक्रिया हमखास उमटतात. पहिली उपहासाची : ‘अडीच लिटरचे इंजिन आणि शक्ती अवघी ६३ अश्वशक्ती! ही कसली अभियांत्रिकी?’ दुसरी स्मरणरंजनाची : ‘तशा गाड्या आता होणे नाही.’ मित्रहो, मला या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच अनैतिहासिक वाटतात. पहिली भूतकाळाला आजच्या मापाने मोजते, दुसरी त्याला मोजण्याचेच नाकारते. या धाग्यात जीप आणि तिच्या भारतीय वारसदारांच्या इंजिनांकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न करतो आहे.

२/ माझे म्हणणे आधीच सांगतो. कामाच्या गाडीचे इंजिन हा शक्ती, टॉर्क आणि टिकाऊपणा या तीन पक्षांमधला तह असतो. कोणताही तह वाचताना तो केव्हा झाला, कोणाच्या गरजेतून झाला आणि त्याची किंमत कोणी मोजली हे आपण विचारतो. इंजिनाच्या आकड्यांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात. रस्ता कसा होता, इंधन कोणते मिळत होते, ओझे किती होते आणि गाडी बिघडल्यावर ती उघडणारा माणूस कोण होता, ही या तहाची खरी कलमे आहेत.

३/ प्रथम शब्दांचा खुलासा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. विहिरीवरची मोट आठवा. पाण्याने भरलेली मोट वर काढण्यासाठी बैलांना दोरावर जो जोर लावावा लागतो, तो टॉर्कचा भाऊ. तासाभरात किती मोटा उपसल्या, हा हिशेब शक्तीचा. बैल कितीही चपळ असले तरी भरलेली मोट जागची हलवण्याइतका जोर त्यांच्यात नसेल, तर चपळाई वाया जाते. आणि ती जोडी किती हंगाम टिकली, हा टिकाऊपणाचा हिशेब. आपल्या चालकांच्या बोलीत हा भेद पूर्वीपासून आहे. ‘गाडी पळते’ आणि ‘गाडी ओढते’ ही दोन वेगळी प्रशस्तिपत्रे आहेत.

४/ गणिताच्या भाषेत, टॉर्क गुणिले फेऱ्यांचा वेग म्हणजे शक्ती. म्हणून शक्ती वाढवण्याचे ढोबळ मार्ग दोन : प्रत्येक फेरीतला जोर वाढवा, किंवा इंजिन अधिक वेगाने फिरवा. दुसरा मार्ग आकर्षक असतो, कारण त्यासाठी इंजिन मोठे करावे लागत नाही. पण त्याला व्याज आहे. पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि दोनदा धावतो. फेऱ्या दुप्पट झाल्या की या थांबण्या-धावण्यामुळे कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर येणारे जडत्वाचे बल चौपट होते. वेगाने मिळवलेली शक्ती टिकाऊपणाच्या खात्यातून उसनी घेतलेली असते.

५/ आता १९४० च्या उन्हाळ्यात जाऊ. युरोपात फ्रान्स कोसळला होता आणि अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांना गती देणारी गाडी तातडीने हवी होती. १३५ उत्पादकांना विचारणा गेली. मुदतीच्या अटी इतक्या कठोर होत्या की प्रतिसाद दिला तो अमेरिकन बँटम आणि विलीज-ओव्हरलँड या दोन छोट्या, आर्थिक ओढाताणीत असलेल्या कंपन्यांनी. पहिला नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. बँटमसाठी कार्ल प्रॉब्स्ट याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी बँटमची गाडी मेरीलँडमधील कँप होलाबर्ड येथे पोहोचली.

६/ या मागणीपत्रातली मला सर्वांत बोलकी वाटणारी अट इंजिनाविषयी आहे. लष्कराने इंजिनाची पात्रता टॉर्कमध्ये सांगितली : किमान ८५ पौंड-फूट, म्हणजे सुमारे ११५ न्यूटन-मीटर. मागणी करणाऱ्याला ठाऊक होते की ही गाडी चिखलात चालायची आहे, तोफ ओढायची आहे, माणसाच्या चालीने सैन्याबरोबर सरकायची आहे. तिथे कमाल वेगाचा उपयोग थोडा, आणि कमी फेऱ्यांवर मिळणाऱ्या ओढीचा मोठा. जीपचा इतिहास सांगताना आपण साठ अश्वशक्तीचा आकडा उगाळतो आणि मूळ कागदावरचा आकडा विसरतो.

७/ तिसरी स्पर्धक म्हणून फोर्ड नंतर उतरली. बँटमच्या गाडीत कॉन्टिनेंटल कंपनीचे सुमारे १.८ लिटरचे इंजिन होते. फोर्डने आपल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाचाच आधार घेतला होता. दोन्ही इंजिनांची शक्ती पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास होती. विलीजचे २.२ लिटरचे इंजिन मात्र ६० अश्वशक्ती आणि १०५ पौंड-फूट टॉर्क देत होते. मागितले त्याहून सुमारे चोवीस टक्के अधिक. तेही केवळ २००० फेऱ्यांवर. नंतर ‘गो-डेव्हिल’ या नावाने ते प्रसिद्ध झाले.

८/ हे इंजिन नवे नव्हते, हा कथेचा गाभा आहे. त्याचे मूळ १९२० च्या दशकातील ‘व्हिपेट’ या स्वस्त मोटारीच्या इंजिनात होते. १९३८ मध्ये डेल्मर ‘बार्नी’ रूस हा अभियंता विलीजमध्ये आला, तेव्हा ते ३२०० फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती देत होते. कंपनीकडे नवे इंजिन घडवण्याइतका पैसा नव्हता. रूसने जुन्याच इंजिनाचे धातू, बेअरिंग आणि मापांची अचूकता सुधारली. ४४०० फेऱ्यांवर दीडशे तास चालले तरी ते निकामी होत नाही, इथवर मजल गेली. मग ४००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती हा आकडा आला.

९/ क्रम लक्षात घ्या. रूसने आधी टिकाऊपणा कमावला आणि मग त्याच्या भांडवलावर शक्ती वाढवली. वर मी शक्ती टिकाऊपणाकडून उसनी घेतली जाते असे म्हटले. रूसची कामगिरी अशी की त्याने आधी ठेव वाढवली, मगच कर्ज काढले. शिवाय सर्वाधिक टॉर्क होता तो २००० फेऱ्यांवर, आणि चालक गाडी बहुतांश वेळ त्याच्याच आसपास चालवणार होता. ४००० फेऱ्यांची क्षमता असलेले इंजिन निम्म्या वेगाने राबत होते. उरलेला निम्मा वेग ही टिकाऊपणाची शिल्लक होती.

१०/ पण चांगल्या इंजिनाची किंमत वजनात मोजावी लागली. लष्कराची मूळ मर्यादा १३०० पौंडांची होती. ती कोणालाच शक्य नव्हती, म्हणून पुढे ती २१६० पौंडांपर्यंत वाढवली गेली. विलीजची गाडी त्याहूनही जड भरत होती. सोपा मार्ग होता हलके इंजिन बसवण्याचा. रूसने इंजिनाला हात लावला नाही. गाडी सुटी करून एकेक भाग तपासला गेला, बोल्टची जास्तीची टोके कापली गेली, रंगाचा थर पातळ केला गेला. विलीजची गाडी मर्यादेत बसली ती थोडक्यात. तहात कोणते कलम सोडायचे नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

११/ इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या दातेरी चाकांचाही या तहात वाटा होता. पहिला गिअर, ट्रान्सफर केसमधली ‘लो’ पातळी आणि अ‍ॅक्सल यांचे गुणोत्तर एकत्र केले, तर विलीज जीपमध्ये इंजिनाचा टॉर्क चाकांपाशी सुमारे २५ पट होत असे. त्या बदल्यात वेग तितक्याच पटीने उतरे. संपीडन गुणोत्तर साडेसहाच्या आत राखलेले (६.४८ : १), त्यामुळे कमी प्रतीचे पेट्रोलही चाले. आघाडीवर उत्तम इंधन मिळेल, असे कोणी गृहीत धरले नव्हते.

१२/ १९४१ च्या जुलैत विलीजने ७४८.७४ डॉलर प्रति गाडी या दराने १६,००० गाड्यांचे कंत्राट मिळवले. पुढे फोर्डनेही विलीजच्याच आराखड्याची गाडी बनवली. तिच्या ‘जीपीडब्ल्यू’ या नावातला ‘डब्ल्यू’ विलीजचा आहे. महाकाय फोर्डने आपले इंजिन बाजूला ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या इंजिनाची प्रत काढली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बांधल्या. मूळ आराखडा वेळेत देणाऱ्या बँटमच्या वाट्याला जेमतेम काही हजार गाड्या आल्या.

१३/ हा योगायोग होता का? ब्रिटनकडे पाहा. १९४८ चा लँड रोव्हर १.६ लिटरच्या, सुमारे ५० अश्वशक्तीच्या इंजिनासह आला. १९५२ मध्ये त्याला दोन लिटरचे इंजिन मिळाले. शक्ती जवळपास तितकीच राहिली, पण टॉर्क ८० वरून १०१ पौंड-फुटांवर गेला. इंजिन मोठे करून त्याचा लाभ वेगात न घेता ओढीत घेतला गेला. गिऱ्हाईक शेतकरी होता आणि नांगर ताशी किती मैल धावतो, हे त्याला विचारायचे नव्हते. दोन देश, दोन वेगळी गिऱ्हाइके, पण तहाचा मसुदा एकच.

१४/ आता भारत. टिकाऊपणा कागदावर दिसत नाही, हा धडा आपण स्वातंत्र्यानंतर लगेच शिकलो. १९४८ मध्ये काश्मीरच्या युद्धासाठी जीपगाड्या तातडीने हव्या होत्या. लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत दुरुस्त केलेल्या वापरलेल्या जीप घेण्याचा करार झाला. १५५ गाड्या आल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. संसदेत गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केल्याचे जाहीर केले. आपण हे प्रकरण राजकीय इतिहासात वाचतो. मला ते यंत्रांच्या इतिहासातही महत्त्वाचे वाटते : शक्ती आणि टॉर्क यांचे आकडे माहितीपत्रकात मिळतात, टिकाऊपणा मात्र त्या विशिष्ट यंत्राच्या आयुष्यात लिहिलेला असतो.

१५/ त्याच सुमारास मुंबईत दुसरी कहाणी सुरू होती. १९४५ मध्ये के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडण्याचे काम चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात सुरू झाले. लष्करी मागणीपत्रातून जन्मलेला तह आता महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर आला.

१६/ पन्नासच्या दशकात विलीजने इंजिनाचा वरचा भाग बदलला. १९५३ च्या ‘सीजे-३बी’ जीपमध्ये आलेल्या या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर गेले, त्यामुळे ते उंच झाले आणि बॉनेटही उचलावे लागले. आपल्याकडचे शौकीन आजही ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ अशी जीपची दोन घराणी सांगतात, त्याचे मूळ इथे आहे. या बदलाने शक्ती ६० वरून सुमारे ७२ अश्वशक्ती झाली, म्हणजे वीस टक्के वाढली. टॉर्क मात्र १०५ वरून ११४ पौंड-फूट, म्हणजे जेमतेम नऊ टक्के. कारण सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव तीच होती. इंजिनाला श्वास मोकळा दिला की ते अधिक पळते. अधिक ओढण्यासाठी मुळात छाती मोठी लागते.

१७/ १९७३ च्या तेलसंकटाने इंधनाचे कलम बदलले. पेट्रोल पिणारी जीप परवडेना. ज्यांच्याकडे डिझेल इंजिन तयार होते, ते होते ट्रॅक्टरवाले. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासह ट्रॅक्टर कंपनी काढली होती. तिचा ‘बी-२७५’ ट्रॅक्टर मुळात ब्रिटनमध्ये घडलेला. त्याच्या इंजिनाचा अवतार ‘एमडी २३५०’ या नावाने जीपमध्ये आला. १९४० मध्ये फोर्डचे ट्रॅक्टर-इंजिन जीपच्या स्पर्धेत मागे पडले होते. तीन दशकांनंतर भारतात मात्र ट्रॅक्टरचे इंजिनच जीपचे हृदय झाले.

१८/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला आवडेल असा एक पुरावा. नाण्यांवरून आपण राजवंश ओळखतो, तसे पिस्टनच्या धावेवरून इंजिनाचे कूळ ओळखता येते. ‘बी-२७५’च्या इंजिनात पिस्टनची धाव ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर होती. ‘एमडी २३५०’मध्येही तीच. पुढे बोलेरोत आलेल्या २५२३ सीसी इंजिनातही धाव तीच, फक्त सिलिंडरचा व्यास वाढून साडेतीन इंच झालेला. दशमान पद्धतीच्या देशात, एकविसाव्या शतकात विकल्या गेलेल्या गाडीच्या पोटात ब्रिटिश इंचाचे हे माप शाबूत होते.

१९/ मधल्या काळात दुसरे घराणेही आले. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने ‘एक्सडीपी ४.९०’ हे डिझेल इंजिन भारतात बनू लागले. नाव स्वतःच सांगते : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर व्यास. २११२ सीसी, ४५०० फेऱ्यांवर ६२ अश्वशक्ती, २००० फेऱ्यांवर सुमारे १२१ न्यूटन-मीटर. हे मोटारीच्या वळणाचे इंजिन होते, ट्रॅक्टरच्या तुलनेत हलके, मुलायम आणि वेगाने फिरणारे. आता २५२३ सीसीच्या बोलेरो इंजिनाचे आकडे शेजारी ठेवा : ३२०० फेऱ्यांवर ६३ अश्वशक्ती आणि सुमारे १८० न्यूटन-मीटर.

२०/ शक्ती जवळपास समान, पण टॉर्क दीडपट. टर्बोचार्जरचा यात वाटा आहे, हे खरे. तरीही त्या टर्बोचा लाभ कुठे खर्च केला ते पाहा : फेऱ्या वाढवण्यात नाही, कमी फेऱ्यांवरची ओढ वाढवण्यात. साधा हिशेब केला तर हे इंजिन १५०० फेऱ्यांवर सुमारे ३८ अश्वशक्ती देते. प्यूजोचे इंजिन २००० फेऱ्यांवर सुमारे ३४. घाटात, भरल्या गाडीत, दुसऱ्या गिअरवर चालकाच्या हाती प्रत्यक्षात हाच आकडा येतो. माहितीपत्रकावरचा कमाल आकडा तिथे पोहोचतच नाही. म्हणून ‘अडीच लिटरला फक्त ६३’ या उपहासाला माझे उत्तर असे : तुम्ही तहाचे एकच कलम वाचले आहे.

२१/ हा तह कोणी तपासला? पश्चिम महाराष्ट्रातल्या ‘वडाप’ने आणि मराठवाडा-विदर्भातल्या ‘काळ्या-पिवळ्या’नी. एसटी जिथे दिवसातून एकदा जायची, तिथे या गाड्या माणसे, दुधाच्या किटल्या, खताची पोती आणि बाळंतिणी वाहत होत्या. आसनक्षमतेच्या दुप्पट माणसे भरून आंबा किंवा कुंभार्ली घाट चढणाऱ्या गाडीला चाचणी-मैदानाची गरज नव्हती. अशा गर्दीने अनेकांचे जीव घेतले हेही विसरता येत नाही, आणि त्याचे गौरवीकरण मला करायचे नाही. पण वाहतुकीचा इतिहास रेल्वे आणि महामार्गांपुरता लिहिला, तर ग्रामीण महाराष्ट्राचा मोठा प्रवास त्यातून निसटतो.

२२/ आता स्मरणरंजनाकडे वळतो, कारण दुसऱ्या बाजूलाही जाब विचारला पाहिजे. पुण्याच्या बजाज टेम्पोने ‘ट्रॅक्स’मध्ये मर्सिडीजच्या परवान्याचे ‘ओएम ६१६’ इंजिन वापरले. याच इंजिनाच्या मर्सिडीज २४०डी मोटारीने ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने सुमारे ४६ लाख किलोमीटर प्रवास केला आणि ती गाडी २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयात गेली. ‘अमर इंजिन’ म्हणून ही कथा फिरते. पण त्या प्रवासात इंजिने अनेकदा बदलली गेली होती. अमर होते ते इंजिन नव्हे. अमर होती त्याची देखभाल.

२३/ ‘टिकाऊ’ या एका शब्दात आपण दोन वेगळे गुण भरतो. एक, न बिघडणे. दुसरा, बिघडल्यावर पुन्हा उभे राहणे. आपल्या जुन्या जीप वारंवार बिघडत. त्या तेल गळत, धूर ओकत, थंडीत रुसत. त्यांचा खरा गुण दुसऱ्या प्रकारचा होता. तालुक्याच्या गॅरेजमध्ये ‘हाफ इंजिन’ उतरवून रिंगा-पिस्टन बदलता येत, शेजारच्या लेथवर बोअरिंग होई, पंपवाला नोझल तपासून देई आणि तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा रस्त्यावर येई. हा टिकाऊपणा कारखान्याने अर्धाच घडवला होता. उरलेला अर्धा काळ्या हातांच्या हजारो मिस्त्रींनी घडवला, आणि त्यांची नावे कोणत्याही माहितीपत्रकात नाहीत.

२४/ आणखी एक कबुली. कमी शक्ती ही नेहमीच शहाणी निवड नव्हती, कित्येकदा ती लाचारी होती. १९९१ पूर्वीच्या परवाना-व्यवस्थेत किती आणि काय बनवायचे यावर बंधने होती, परदेशी तंत्र आणणे कठीण होते, स्पर्धा जवळपास नव्हती. गिऱ्हाइकाला पर्यायच नसेल, तर तोच तह वर्षानुवर्षे चालतो आणि त्याला आपण ‘परंपरा’ म्हणू लागतो. शिवाय त्या इंजिनांच्या धुराची किंमत रस्त्याकडेच्या फुप्फुसांनी मोजली. तहाच्या मेजावर ज्यांना खुर्चीच नव्हती, त्यांच्या खात्यावर हा खर्च पडला.

२५/ मग आजची गाडी कशी वाचायची? चार मीटरच्या आत लांबी आणि १५०० सीसीच्या आत डिझेल इंजिन असेल तर करसवलत, हे नवे कलम सरकारने घातले. २०१६ मध्ये बोलेरोत १४९३ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आले. आधीच्या २५२३ सीसीच्या कॉमन-रेल इंजिनाचा टॉर्क १९५ न्यूटन-मीटर होता. नव्याचाही १९५, तोही १४०० फेऱ्यांपासूनच. शक्ती ६३ वरून ७० झाली. इंजिनाचा आकार चाळीस टक्क्यांनी घटला, पण ओढ राखली गेली. १९४० च्या मागणीपत्रातला विवेक इथे अजून जिवंत आहे, असे मला वाटते.

२६/ बदलले ते तिसरे कलम. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि ते योग्यच होते. पण आता इंधन किती आणि केव्हा जायचे, हे संगणक ठरवतो. इंजिन कमी वेळा बिघडते, आणि बिघडले की तालुक्याच्या मिस्त्रीकडे ते उघडण्याचे साधन नसते. टिकाऊपणाचा पहिला अर्थ बळकट झाला, दुसरा दुबळा झाला. म्हणजे टिकाऊपणा कमी झालेला नाही. तो गॅरेजकडून कंपनीच्या सेवाकेंद्राकडे गेला आहे. सेवाकेंद्र जिथे पन्नास किलोमीटर दूर आहे, तिथे हा फरक तांत्रिक राहत नाही. दूध वेळेवर पोहोचणे आणि नासणे यांमधला तो फरक असतो.

२७/ म्हणून माझे मत असे : जुनी इंजिने परत आणा, ही मागणी चुकीची आहे. दुरुस्तीचा हक्क परत आणा, ही मागणी योग्य आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, आणि तिच्या कक्षेत शेतीची अवजारे व वाहने दोन्ही आहेत. निदानाची साधने, दुरुस्तीपुस्तिका आणि सुटे भाग स्वतंत्र मिस्त्रीला रास्त दरात मिळाले पाहिजेत. जीपच्या इतिहासातून निघणारा आजच्या उपयोगाचा निष्कर्ष मला हाच दिसतो. रूसचे इंजिन जगभर टिकले, कारण त्याच्या आतले काम हाताला आणि पान्याला समजत होते.

२८/ शेवटी, इतिहासप्रेमी मित्रांना एक विनंती. पुढच्या वेळी जुन्या गाडीचा आकडा दिसला, तर हसण्याआधी किंवा उसासा टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा कमाल आकडा किती फेऱ्यांवर मिळत होता? तिथे न जाता किती ओढ हाताशी होती? आणि बिघडल्यावर ती गाडी कोण उघडत होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जुन्या माहितीपत्रकांत सापडतील. तिसऱ्याचे उत्तर आपापल्या गावच्या स्टँडमागच्या गॅरेजमध्ये, साठी ओलांडलेल्या एखाद्या मिस्त्रीच्या आठवणीत आहे. ते लिहून घेण्याचे काम अजून कोणी केलेले नाही, असे ज्या गावात असेल, तिथून सुरुवात करा. ते ज्ञान गेले तर मागे फक्त आकडे उरतील, आणि आकडे एकटे किती दिशाभूल करतात ते आपण वर पाहिलेच.

धागा समाप्त. मतभेद असतील तर अवश्य लिहा. आपल्या भागातल्या गाड्या आणि मिस्त्रींच्या आठवणी असतील, तर त्या आधी लिहा.